आमच्या वाङ्मयांतील विद्यार्थी

मराठी कथावाङ्मयांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यास स्थान मिळाल्यास आतां शंभर वर्षें होत आलीं. एवढ्या काळांत त्याच्यावर कथा झाल्या, कादंबऱ्या झाल्या, नाटकें झालीं आणि गेल्या पन्नास वर्षांत त्यानें स्वतःच लिहिलेलीं आत्मकथनेंही झालीं. ह्या लेखनाचा विचार आमच्या टीकाकारांनीं केला नाहीं असें नाहीं; परंतु तो वेगवेगळ्या खणांत घालून केला. फडक्यांचा विद्यार्थी तंत्राच्या खणांत, ‘कोसला’चा अस्तित्ववादाच्या खणांत, आत्मकथनांतला दलित साहित्याच्या खणांत आणि ‘बारोमास’मधला ग्रामीण साहित्याच्या खणांत, अशी ही वाटणी आहे. हे चौघे एकाच प्रकारच्या परीक्षेस बसले आणि त्यांचीं दुःखें एकमेकांस लागून होतीं, ही गोष्ट त्या वाटणींत दिसेनाशी झाली. विद्यार्थ्यास मिळणारा न्याय, त्याची ओळख आणि त्याचें मनःस्वास्थ्य हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत कीं एकाच प्रश्नाचीं तीन अंगें आहेत, हें पाहावयाचें तर हीं पुस्तकें एका रांगेंत मांडून वाचलीं पाहिजेत. प्रस्तुत लेखांत तसा यत्न करावयाचा आहे.

रिसोडासारख्या गांवीं बसून हा यत्न करण्यांत एक सोय आहे. पुण्यामुंबईहून विद्यापीठाकडे पाहिलें म्हणजे तें एक आवार दिसतें. त्यांत इमारती, ग्रंथालय, वसतिगृह, मैदान असें सर्व कांहीं असतें. रिसोडाहून तें तसें दिसत नाहीं. वऱ्हाडच्या दक्षिण कडेचा हा तालुका १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यांत होता. आतां तो वाशीम जिल्ह्यांत आहे. १९२३ सालीं स्थापन झालेलें नागपूरचें विद्यापीठ हेंच पुष्कळ काळ ह्या भागाचें विद्यापीठ होतें. १९८३ सालीं अमरावतीचें विद्यापीठ निघालें आणि पुढें त्यास संत गाडगे बाबांचें नांव मिळालें. शेजारचें सेनगांव मराठवाड्यांत, म्हणून तेथील मुलगा नांदेडच्या विद्यापीठाचा. शिवेच्या अलीकडे आणि पलीकडे पीक एकच, बाजार एकच, लग्नसंबंधही एकमेकांत. विद्यापीठें मात्र दोन, आणि दोन्ही लांब. अमरावती येथून दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे. त्यामुळें येथल्या बहुतेक विद्यार्थ्यांना विद्यापीठ म्हणजे गुणपत्रिकेच्या माथ्यावरील एक नांव, एवढेंच ठाऊक असतें. अशा ठिकाणाहून आमच्या वाङ्मयांतील महाविद्यालयें पाहिलीं म्हणजे त्यांचीं मापें निराळीं दिसूं लागतात.

प्रथम ना. सी. फडके ह्यांच्या कादंबऱ्या घेऊं. फडके स्वतः कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत प्राध्यापक होते. ‘जादूगार’ व ‘दौलत’ ह्या त्यांच्या कादंबऱ्या १९३० च्या सुमारास निघाल्या आणि त्यांनीं व त्यांच्यामागून आलेल्यांनीं सुशिक्षित मराठी घरांना तरुण पिढीचें एक मोहक चित्र दिलें. ह्या तरुणास फीची विवंचना नाहीं. खानावळीचें बिल हा त्याच्या आयुष्यांतला प्रसंग नाहीं. प्रीतीची परीक्षा हीच त्याची खरी परीक्षा. ह्याबद्दल फडक्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं, कारण त्यांनीं जें करावयाचें म्हणून सांगितलें तें सफाईनें केलें. तरी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ज्या कोल्हापुरांत हें लेखन झालें त्याच कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें काढविलीं होतीं. १९०८ सालीं अस्पृश्य मुलांसाठींही वसतिगृह निघालें होतें. खेड्यांतून पायीं आलेला, शिदोरीच्या भाकरीवर अभ्यास करणारा मुलगा त्या शहराच्या रस्त्यांवर रोज दिसत होता. कादंबरीच्या दारांतून मात्र तो आंत आला नाहीं. वाङ्मयांतील विद्यार्थी आणि वसतिगृहांतील विद्यार्थी हे एकाच शहरांत राहून एकमेकांस अपरिचित राहिले, आणि ही अपरिचिति आमच्या वाङ्मयांत पुढें पुष्कळ वर्षें टिकली.

१९६३ सालीं भालचंद्र नेमाडे ह्यांची ‘कोसला’ आली आणि वसतिगृहाची खोली प्रथमच तिच्या खऱ्या अव्यवस्थेसह मराठींत उतरली. खानदेशांतील सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकावयास येतो. मित्रांवर पैसे उधळतो. खानावळीचा आणि संमेलनांचा कारभार अंगावर घेऊन हात पोळून घेतो. धाकटी बहीण मनी देवीनें दगावते, तें दुःख त्याच्यानें पेलवत नाहीं. परीक्षेंत तो नापास होतो आणि अखेर गांवीं परततो. ह्या कथेंत घडतें तें थोडें, पण तीच्या निवेदनांतील विक्षिप्त प्रामाणिकपणा असा कीं, त्यानंतर फडक्यांचें महाविद्यालय पुन्हा उभें राहणें अशक्य झालें. टीकाकारांनीं पांडुरंगाच्या ह्या अवस्थेस परात्मता म्हटलें, आणि त्याची सोयरीक पाश्चात्त्य कादंबऱ्यांतील तरुणांशीं जुळविली. तें चूक नाहीं. पण अपुरें आहे. पांडुरंगाचें रितेपण जगांतील कोणत्याही तरुणाचें असलें तरी त्याचा हिशेब सांगवीचा आहे. त्याच्या बापाकडे शेती आहे, गांवांत वजन आहे, आणि म्हणून मुलाची उधळपट्टी, अपयश व घरीं परत येणें हीं तिन्ही तो बाप कुरकुरत कां होईना सोसूं शकतो. ज्या शून्यत्वाचें कौतुक झालें त्याच्या पाठीशीं एक भरलेलें कोठार आहे. नेमाड्यांनीं तें लपविलेलें नाहीं. बापलेकांमधील पैशाचे तंटे कादंबरीभर आहेत. लपविलें असेल तर तें टीकेनें, कारण तत्त्वज्ञानाच्या चर्चेंत धान्याची गोष्ट तिला शोभेशी वाटली नाहीं.

विद्यार्थ्याविषयींच्या कोणत्याही पुस्तकाला एक प्रश्न विचारावा असें आम्हांस वाटतें : ह्याला परत जावयास जागा आहे काय? नापास झाल्यावर, अपमान झाल्यावर, मन उबगल्यावर हा मुलगा कोणत्या दारीं जाईल? हा प्रश्न घेऊन ‘कोसला’कडून आत्मकथनांकडे वळलें म्हणजे दोहोंमधील खरें अंतर कळतें, आणि खरें नातेंही कळतें.

दया पवार ह्यांचें ‘बलुतं’ १९७८ सालीं आलें. त्यापाठोपाठ १९७९ मध्यें प्र. ई. सोनकांबळे ह्यांचें ‘आठवणींचे पक्षी’, १९८१ मध्यें शंकरराव खरात ह्यांचें ‘तराळ-अंतराळ’ आणि १९८४ मध्यें शरणकुमार लिंबाळे ह्यांचें ‘अक्करमाशी’. गांवगाड्यांतील अन्याय, भूक, वेठ ह्यांच्या कथा म्हणून हीं पुस्तकें वाचलीं जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु तीं विद्यार्थ्यांचीं पुस्तकें आहेत, इकडे फारसें कोणी लक्ष दिलेलें नाहीं. प्रत्येकाचा कणा शाळा हाच आहे. खरातांच्या पुस्तकाच्या नांवांतच ती यात्रा आहे : तराळाचा मुलगा पुढें मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरु झाला. पवारांच्या कथनांत संगमनेरचें बोर्डिंग आहे. सोनकांबळ्यांच्या कथनांत आईबापांविना वाढलेला, बहिणीच्या घरीं आश्रयास राहिलेला मुलगा आहे. त्याला शाळेच्या वेळेइतकीच भाकरीच्या वेळेचीही वाट पाहावी लागते. डॉ. आंबेडकरांनीं १९४५ सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, तिचें सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ सालीं मुंबईस आणि मिलिंद महाविद्यालय १९५० सालीं औरंगाबादेस निघालें. हें मिलिंद नसतें तर सोनकांबळ्यांच्या पिढींतील किती मुलांची कथा मधल्याच एखाद्या पानावर संपली असती, ह्याचा अंदाज त्यांचें पुस्तक वाचूनच यावा. पांडुरंग सांगवीकरास पुण्याचें महाविद्यालय नकोसें होतें; ह्या मुलाला मिलिंदचें दार दिसणें हेंच आयुष्यांतलें मोठें भाग्य वाटतें. कारण मागें वळण्यास त्याला वाटच नाहीं. मागें जें आहे त्यांतून सुटण्यासाठींच तो निघालेला आहे.

येथें कोणी म्हणेल, भुकेल्याला उदास होण्यास सवड कोठली? मनाचीं दुःखें हीं भरल्या पोटाचीं दुःखें आहेत. उपाशी मुलाचा प्रश्न न्यायाचा आहे, तो मनःस्वास्थ्याचा नाहीं. आमच्या टीकेनें नकळत हीच समजूत चालविली, आणि म्हणूनच ‘कोसला’ला तत्त्वज्ञान व आत्मकथनांना समाजशास्त्र अशी वांटणी झाली. तिचें उत्तर ‘अक्करमाशी’त आहे. लिंबाळ्यांचे वडील लिंगायत पाटील, आई महार, आणि आजीच्या सोबतीनें राहून ह्या नातवाला जीव लावणारा म्हातारा मुसलमान. फीच्या सवलतीचा अर्ज भरावयाचा असतो. त्यावर सरपंचाची सही लागते. आणि सरपंच अडतो तो ह्या मुलाची ओळख काय द्यावी ह्या प्रश्नाशीं. अर्ज साधा, छापील. त्यांत नांव, बापाचें नांव, जात एवढीच विचारपूस. हजारों मुलें तो दोन मिनिटांत भरून देतात. ह्या एका मुलासाठीं मात्र त्या रकान्यांत त्याच्या जन्माची सारी चौकशी उभी राहते. हा प्रसंग न्यायाचा म्हणावा कीं ओळखीचा, कीं मनाचा? सवलत न मिळाली तर शिक्षण बुडतें. ओळख दिली तर ती खोटी ठरते. आणि दोहोंमध्यें सांपडलेल्या त्या मुलाच्या मनावर जो ओरखडा उठतो तो पदवीनें पुसला जात नाहीं. तिन्ही प्रश्न एका सहीपाशीं एकत्र आले आहेत. एवढें दाट लेखन आमच्या तत्त्वचिंतनात्मक म्हणविणाऱ्या कादंबऱ्यांतही फार थोडें आढळेल.

आत्मकथन हा दस्तऐवज आहे, त्याचें मोल माहितीपुरतें. कलाकृति म्हणून त्याची परीक्षा होऊं शकत नाहीं, असाही एक पक्ष आहे. ह्या पक्षाला आमचें उत्तर असें कीं, वरील अर्जाचा प्रसंग माहिती म्हणून सांगितला तर एका वाक्याचा आहे. सवलतीच्या अर्जावर सही लागते, हें कोणाही कारकुनास ठाऊक असतें. त्या सहीभोंवतीं जी स्तब्धता उत्पन्न होते ती लेखकानें निर्माण केली आहे. कला म्हणावयाची ती हीच. तसेंच दोषही दाखवावयाचे तर ते कलेच्या दृष्टीनें दाखवितां येतात, आणि ते दाखविले पाहिजेत. ह्या पुस्तकांत बालपण जितक्या बारकाईनें येतें तितक्या बारकाईनें महाविद्यालय येत नाहीं. गांवांतल्या पाणवठ्यावरील अपमान डोळ्यांपुढें उभा राहतो. पण वर्गांत, प्रयोगशाळेंत, ग्रंथालयांत, मित्रांच्या खोलींत जी सुसंस्कृत उपेक्षा होते, जेथें कोणी शिवी देत नाहीं, फक्त बोलावीत नाहीं, तिचें चित्र घाईनें उरकलें जातें. जणू दार ओलांडलें म्हणजे कथा संपली. लेखकांच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, जें उघड आहे तें सांगण्यासच पहिली पिढी खर्ची पडते. झांकलेलें सांगण्याचें काम दुसऱ्या पिढीकडे येतें.

दुसरा दोष अधिक मोठा आहे. ह्या कथांत मुलगा शिकतो तेव्हां कोणी तरी न शिकण्याचें ओझें उचललेलें असतें. बहुधा ती बहीण असते, आई असते. तिच्या त्यागाचें वर्णन कृतज्ञतेनें होतें, परंतु तिलाही शिकावयाचें होतें काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ही उणीव भरून काढणारें पुस्तक म्हणजे ऊर्मिला पवार ह्यांचें ‘आयदान’. तें २००३ सालीं आलें. येथील विद्यार्थिनी वसतिगृहांत राहत नाहीं. ती नोकरी करते, संसार करते, मुलें वाढविते आणि त्यांतून उरलेल्या वेळांत एम. ए.चा अभ्यास करते. तिच्या अभ्यासाला आडवें येतें तें सरकार नव्हे, सवर्ण प्राध्यापकही नव्हे. स्वयंपाकघर आडवें येतें, आणि चळवळ मानणाऱ्या नवऱ्याची नाराजी आडवी येते. जातीचा अन्याय ओळखणारा पुरुष घरांतला अन्याय ओळखीलच असें नाहीं, ही कडू गोष्ट पवारांनीं कसलाही आविर्भाव न करितां सांगितली आहे. सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांनीं हीं पानें विशेष लक्षपूर्वक वाचावींत, कारण त्या स्वयंपाकघराचा पत्ता सर्वच जातींत सांपडतो.

आतां वाङ्मयाबाहेर क्षणभर पाहूं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति १९४४ सालीं सुरू झाली. ज्यांना शासकीय वसतिगृहांत जागा मिळत नाहीं त्यांच्यासाठीं महाराष्ट्र सरकारनें २०१६-१७ पासून स्वाधार योजना काढली. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१२ सालीं भेदभावाविरुद्ध नियम केले आणि प्रत्येक संस्थेंत समान संधि कक्ष असावा असें सांगितलें. एवढें असूनही २०१९ सालीं मुंबईंत वैद्यकाचें पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, जळगांव जिल्ह्यांतल्या एका आदिवासी विद्यार्थिनीनें आत्महत्या केली आणि तिच्या घरच्यांनीं जातीवरून झालेल्या छळाची तक्रार केली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आंकड्यांप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत देशांतील १३,०४४ विद्यार्थ्यांनीं जीव दिला, आणि त्यांत महाराष्ट्राचा आंकडा सर्व राज्यांत मोठा होता. हीं मुलें सर्व जातींतलीं होतीं. मार्च २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा विचार करण्यासाठीं राष्ट्रीय कृतिदल नेमलें. वसतिगृह, शिष्यवृत्ति, भेदभाव, परीक्षेचा ताण हे विषय निरनिराळे नाहींत, ही जाणीव त्यामागें होती. न्यायालयाला जी गोष्ट इतक्या मृत्यूंनंतर ध्यानांत आली ती सरपंचाच्या सहीपाशीं अडलेल्या मुलानें १९८४ सालींच लिहून ठेविली होती. पुस्तकें वाचलीं गेलीं, त्यांना पारितोषिकें मिळालीं, तीं अभ्यासक्रमांत लागलीं. तीं ऐकलीं गेलीं असें मात्र म्हणवत नाहीं.

रिसोडच्या सर्वांत जवळचें पुस्तक अखेरीस घेतों. सदानंद देशमुख हे बुलढाणा जिल्ह्याचे. त्या जिल्ह्याचा मेहकर तालुका रिसोडास लागूनच आहे. त्यांच्या ‘बारोमास’ ह्या कादंबरीस २००४ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. तिचा नायक एकनाथ तनपुरे हा एम. ए., बी. एड. झालेला शेतकऱ्याचा मुलगा. शिक्षकाच्या जागेसाठीं मागितले जाणारे पैसे घरांत नाहींत म्हणून तो पुन्हा शेतांत उभा आहे. शहरांतून आलेली त्याची बायको अलका नोकरीच्या आशेवर संसाराला लागलेली असते. ती आशा विझते तसें घरही विझत जातें. ह्या कादंबरीची भाषा आमच्या कानाला घरचीच आहे. तिच्यांतली ढेकळें आणि कर्जें हीं आमच्या शेजारच्या शिवारांतलीं आहेत. पांडुरंग सांगवीकर गांवीं परततो तेव्हां तेथें शेती त्याची वाट पाहत असते. चाळीस वर्षांनीं एकनाथ परततो तेव्हां शेती त्यालाच विचारते, तूं येथें कशाला आलास? पदवीनें त्याला गांवकऱ्यांपासून तोडलें आहे आणि शहरानें त्याला घेतलेलें नाहीं. ज्या जातींना परत जावयास दार होतें त्यांचेंही दार आतां बंद होत आलें, ही ‘बारोमास’ची खरी वार्ता आहे. ह्या अर्थानें एकनाथ हा सांगवीकराचा वारस असला तरी त्याचें दुःख सोनकांबळ्यांच्या नायकाच्या शेजारीं येऊन बसलें आहे. परंतु हे दोघे एकमेकांस ओळखीत नाहींत. उलट एकाच्या सवलतीकडे दुसरा वाकड्या नजरेनें पाहतो. तालुक्याच्या कट्ट्याकट्ट्यांवर आज जी कुरकुर ऐकूं येते तिचें मूळ येथें आहे. दोन दुःखें शेजारीं बसूनही एकमेकांशीं बोलत नाहींत, तेव्हां त्यांच्यामधील जागा द्वेष भरून काढतो. हीं पुस्तकें निरनिराळ्या खणांत ठेवण्याचा तोटा वाङ्मयापुरता नाहीं, असें आम्ही म्हणतों तें ह्यासाठींच.

आतां तीं वर्गांत कशीं शिकविलीं जातात तें पाहावें. ‘दलित आत्मकथनांचीं वैशिष्ट्यें सांगा’ हा प्रश्न, आणि त्याला मार्गदर्शकांतलें पाठ उत्तर. ज्याचें आयुष्य त्या उताऱ्यांत आहे तो मुलगा त्याच बाकावर बसलेला असतो. उतारा मोठ्यानें वाचला जातो तेव्हां वर्गांतल्या नजरा आपल्याकडे वळतात कीं काय, ह्या भीतीनें तो मान खालीं घालतो. शेजारच्या बाकावरील शेतकऱ्याच्या मुलाला वाटतें, हें आपलें नव्हे. अध्यापकानें जर त्याच तासाला ‘बारोमास’चीं दोन पानें आणि ‘कोसला’चीं दोन पानें वाचलीं, आणि ह्या तिघांपैकीं कोणाला परत जावयास जागा आहे एवढें विचारलें, तर खालीं गेलेली मान वर येईल आणि बाजूचा मुलगा कान देईल. ह्यास निराळा निधि लागत नाहीं कीं नवा नियम लागत नाहीं.

शेवटीं एका न लिहिलेल्या पुस्तकाविषयीं. वरील सर्व विद्यार्थी कोठें तरी गेलेले आहेत : पुण्यास, औरंगाबादेस, मुंबईस. तालुक्याच्या महाविद्यालयांत, घरीं राहून, रोज एस. टी.नें जाऊन येऊन शिकणारा विद्यार्थी अद्याप आमच्या वाङ्मयांत आलेला नाहीं, आणि संख्येनें तोच मोठा आहे. त्याच्या घरीं सोयाबीनची पेरणी आणि महाविद्यालयाचा प्रवेश एकाच महिन्यांत येतात. बियाणें आधीं कीं फी आधीं, हा निर्णय बाप त्याच्यादेखत करतो. शिष्यवृत्ति पुष्कळदां वर्ष सरतां सरतां येते. सोंगणी आणि परीक्षा एकमेकींच्या पाठीवर येतात. त्याच्या बहिणीची बस चुकली तर दुसऱ्या दिवसापासून तिचें शिक्षणच चुकण्याचा संभव असतो. त्याला वसतिगृह नाहीं म्हणून वसतिगृहाचें दुःख नाहीं, पण वसतिगृहांत मिळणारी मोकळीक आणि मैत्रीही नाहीं. तो घरांतून बाहेर पडतच नाहीं, म्हणून परत येण्याचा प्रश्नही त्याला कोणी विचारीत नाहीं. त्याचें मन कसें आहे, हें त्याच्या आईखेरीज कोणास ठाऊक नसतें, आणि तिलाही तें नुसतें जेवणाच्या ताटावरून ओळखावें लागतें.

हें पुस्तक पुण्यांत लिहिलें जाणार नाहीं. रिसोड, मालेगांव, मेहकर, सेनगांव अशा एखाद्या ठिकाणच्या बाकावर त्याचा लेखक किंवा लेखिका आज बसलेली असेल. तिच्या हातीं आम्हीं ‘अक्करमाशी’ आणि ‘कोसला’ हीं दोन्ही पुस्तकें एकदमच द्यावींत, आणि तीं एकाच भाषेंतल्या, एकाच वयाच्या मुलांचीं पुस्तकें आहेत एवढें सांगावें. पुढचें तिचें तिला समजेल.